मधल्या दोन पानांवर जयंतीताई

रोज संध्याकाळी तानपुऱ्याची गवसणी काढण्याआधी जयंतीताई उजव्या हातातली बांगडी काढून स्टीलच्या वाटीत ठेवायच्या. एकच बांगडी, बारीक, मुलामा उडालेली. तारांवरून हात फिरताना ती किणकिणते आणि गाणाऱ्याचं लक्ष जातं, अशी त्यांच्या गुरू मृणालिनीबाईंची तक्रार होती. तेव्हा लागलेली ती सवय. बाई जाऊन आता दोन वर्षं होत आली होती आणि समोर गाणारं कुणी नव्हतं. तरी बांगडी वाटीत पडल्याचा आवाज झाल्याशिवाय त्यांचा हात तारांकडे जायचा नाही. मग त्या खुंट्या पिळायच्या, मणी सरकवायच्या, घोडीवरचा दोरा केसभर मागेपुढे करायच्या, आणि चारही तारा एकमेकींत मिसळल्या की नुसत्या छेडत बसायच्या. समोरून मेट्रो गेली की खिडकीची काच थरथरायची. दिवेलागणीपर्यंत हे चालायचं. मग पुन्हा गवसणी, बांगडी आणि एका माणसाचा कुकर.

विनिताला हे सगळं ठाऊक झालं ते एका कोपरामुळे.

विनिता भानजी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि कॉलेजच्या संगीत मंडळाच्या ‘खर्ज’ नावाच्या मासिकाची पानं लावायची. म्हणायला मासिक, निघायचं वर्षातून दोनदा. लेख दुसरे लिहायचे. मुलाखतींना घोळक्यानं जायचे आणि येताना कुठेतरी मिसळ खायचे. विनिताकडे यायच्या त्या फायली, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘हे घे शेवटचं’ अशा नावांच्या. त्या घेऊन ती वेसाव्याच्या घरी माळ्यावर जाऊन बसायची. खाली आई आणि काकी बोंबील निवडत असायच्या, आणि त्यांच्या गप्पा फळ्यांच्या फटींतून वर यायच्या. त्यात विनिताचं नाव यायचं ते जेवायच्या वेळी. “विनी, उतर गो, जेवाला!”

पहिल्या वर्षी तिनं घरी सांगितलं होतं, “मी मासिकाची पानं लावते.” तर भाऊ कृणाल म्हणाला होता, “एवढी शिकलीस आणि पानाची टपरी टाकलीस? मग चुना कुणाला लावतेस?” सगळे हसले, तीही हसली. त्यानंतर तिनं घरात तो विषय काढला नाही आणि कुणी विचारलाही नाही.

या अंकाचा मुख्य लेख मृणालिनीबाई साबनीसांवर होता. बाईंचं नाव फार दूरवर गेलं नव्हतं, पण अंधेरीत ज्यांना दोन राग धड गाता येतात त्यांतले निम्मे त्यांच्याकडे शिकलेले. लेख संपादक सिद्धेशनं लिहिला होता, लांबलचक आणि मनापासून. बाईंच्या मुलानं जुने फोटो मोबाइलवर पाठवले होते. विनितानं ते एकेक करून मोठे केले. बाई गाताहेत, बाई शाल घेताहेत, बाई मुलींना हातानं ताल दाखवताहेत. आणि बहुतेक फोटोंत बाईंच्या मागे, कडेला, कुणीतरी होतं. कुठे एक कान आणि त्यातली कुडी, कुठे तानपुऱ्याच्या भोपळ्यावर टेकलेलं कोपर, कुठे नुसता पदर. साड्या बदलत होत्या, बाईंचे केस पिकत होते, कोपर तेच होतं.

तिनं सिद्धेशला फोन लावला. “तानपुऱ्यावर ही कोण आहे रे?”

“कुठे?”

“सगळीकडे.”

“असेल कुणीतरी शिष्या. क्रॉप कर ना यार. तसंही अर्धीच दिसते.”

“फोटोओळीत नाव तर द्यायला हवं.”

“विनिता, लेख बाईंवर आहे,” सिद्धेश म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, घाई होती. मागे कुणीतरी हसत होतं.

तिनं बाईंच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, “ती जयंतीमावशी. जयंती ओगले. इथेच अंधेरीत, चार बंगल्याला राहते. नंबर देतो तुला. कर फोन, तिला बरं वाटेल.”

जयंतीताईंचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. एक खोली, स्वयंपाकघर आणि इतका नीटनेटकेपणा की बसायचं कुठे ते कळेना. त्यांनी विनिताला नीट न्याहाळलं.

“भानजी म्हणजे वेसाव्याची का गं?”

“हो.”

“मग तुझ्यासमोर मासळीबद्दल काही बोलायला नको. मी बाजारात फसते नेहमी.” मग म्हणाल्या, “तू काय करतेस म्हणालीस? फोनवर नीट ऐकू नाही आलं.”

“पानं लावते. मासिकाची.”

“अस्सं,” जयंतीताई म्हणाल्या. “मी तानपुरा लावते. बस, चहा टाकते.”

विनिता हसली. आपल्या कामाचं नाव ऐकून कुणी चेष्टा केली नाही, असं बऱ्याच दिवसांनी झालं होतं.

चहा पिता पिता जयंतीताईंनी स्वतःबद्दल सांगितलं ते दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तसं. टेलिफोन खात्यात नोकरी. आईचं दुखणं बरीच वर्षं चाललं, त्यात लग्नाचं राहून गेलं. भाऊ नागपूरला. बाईंकडे गेल्या होत्या त्या गाणं शिकायलाच. पावसाळाभर शिकल्यावर बाई एक दिवस म्हणाल्या, जयंती, तुझा आवाज काही लागायचा नाही, पण कान पक्का आहे. तू तानपुऱ्याला बस.

“वाईट नाही वाटलं?”

“वाटलं की. गेलेच नाही काही दिवस. मग घरी करमेना, म्हणून गेले आणि तानपुऱ्याला बसले. बाई जाईपर्यंत.” त्यांनी कपातला चहा हलवला. “बाई सांगायच्या, कार्यक्रमात कुणाला तू लक्षात आलीस तर समज तुझं काहीतरी चुकलं.”

“आता कुणी बोलावतं?”

“आता मोबाइलमध्ये असतो ना तानपुरा. त्याला चहा द्यावा लागत नाही, रिक्षा करून सोडावं लागत नाही.”

विनितानं फोटोंचं विचारलं. एक तरी अख्खा असेल ना? जयंतीताई हसल्या. “माझे फोटो भरपूर आहेत. कान आहेत, कोपरं आहेत. सगळे गोळा केलेस तर एक अख्खी बाई होईल.” मग उठून कपाटातून त्यांनी एक जाड पाकीट काढलं. “हा एक आहे. यात बाई नीट आल्या नाहीत, म्हणून कुणी नेला नाही.”

कुठल्याशा गणेशोत्सवातला फोटो होता. काढणारा बहुधा नवखा, स्टेजच्या बाजूला उभा राहिलेला. बाई उजव्या कडेला गेल्या होत्या, मान वळवून कशाला तरी दाद देत होत्या. डाव्या कडेला तबलजी. आणि मधोमध, हातभर मोकळ्या जागेत, तानपुरा खांद्याला टेकवून तरुण जयंती ओगले. डोळे उघडे. कुणाकडेही न बघणारे, पण उघडे. तिच्या चेहऱ्यावर ऐकणं होतं. विनितानं तो फोटो बराच वेळ हातात धरला.

“हा मी छापते,” ती म्हणाली.

“अगं, लेख बाईंवर आहे ना?”

“बाई आहेत की यात.”

जयंतीताईंनी पाकीट बंद केलं, पुन्हा उघडलं. “नीट ने हं,” म्हणाल्या. “पुस्तकात कधी आले नाहीये मी.”

त्यानंतर विनिता आठवड्यातून दोन-तीनदा कॉलेजमधून परस्पर तिथेच जाऊ लागली. आधी काहीतरी विचारायच्या निमित्तानं, नंतर निमित्तही लागेना. ती जमिनीवर लॅपटॉप घेऊन बसायची, जयंतीताई खिडकीशी तानपुरा घेऊन. मथळ्याला कुठलं अक्षर घ्यायचं, तीन कॉलम की दोन, समास किती सोडायचा, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतोय का, हे सगळं ती मनात पुटपुटत करायची. समोर तारा चालू असायच्या. दोघी फारसं बोलायच्या नाहीत. कधी तानपुरा मधेच थांबायचा आणि जयंतीताई विचारायच्या, “काय झालं, अडलं का?” कारण विनिताची बोटं थांबलेली त्यांना आवाजावरून कळायची. माळ्यावर ती तासन् तास थांबली असती तरी कुणाला कळलं नसतं.

फोटो तिनं मासिकाच्या अगदी मधल्या दोन पानांवर घेतला. तेवढी दोनच पानं अशी की एका सलग कागदावर छापून येतात. त्यांच्यामध्ये फक्त पिना असतात. फोटो दोन्ही पानं भरून, कडेपर्यंत. बाईंच्या डोक्यावर मथळा, डावीकडे खाली बारीक अक्षरात फोटोओळ. जयंतीताईंना तिनं जराही इकडेतिकडे हलवलं नाही. मधोमध, फोटोत होत्या तशा.

सिद्धेश सहज मानला नाही. “फीचर कुणावर आहे आणि मोठं कोण दिसतंय?” त्यानं कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर विचारलं.

“बाई आयुष्यभर जे ऐकत गायल्या ते दिसतंय,” विनिता म्हणाली. एवढं लांब वाक्य ती त्या टेबलावर पहिल्यांदाच बोलली होती. सगळे तिच्याकडे बघायला लागले.

“बोलली रे बोलली!” कुणीतरी टाळी वाजवली.

सिद्धेशनं स्क्रीन जवळ ओढून पुन्हा पाहिलं. “झकास आहे पण,” तो शेवटी म्हणाला. “ठेव. मथळा मोठा कर.”

त्या संध्याकाळी तिनं जयंतीताईंना लॅपटॉपवर दोन्ही पानं दाखवली. जयंतीताई चष्मा लावून जवळ आल्या, मागे सरकल्या, पुन्हा जवळ आल्या. “एवढी मोठी?” त्यांनी विचारलं. मग तबलजीवर बोट ठेवून, “हा माणूस तबला बरा वाजवायचा. वारला बिचारा.” आणि विनिता निघता निघता म्हणाल्या, “मला दोन प्रती ठेवशील? एक भावाला पाठवीन. त्याला कधी खरंच वाटलं नाही मी तिथे काही करते म्हणून.”

अंक छापायला जायच्या आठवड्यात ग्रुपवर सिद्धेशचा मेसेज आला. जाहिराती वाढल्यात, पानं वाढलीत. एवढ्याला पिना बसणार नाहीत, पुस्तकासारखी पाठ चिकटवून घेतोय, भारी दिसेल. विनितानं अंगठा टाकला. माळ्यावर बसून तिनं नव्या जाहिराती पुढेमागे लावल्या, फोटोची दोन पानं समोरासमोरच राहतील याची दोनदा खात्री केली. स्क्रीनवर ती दोन पानं शेजारीशेजारी सपाट पडून होती, मध्ये केसासारखी एक रेघ.

अंक आला तो कॉलेजच्या सभागृहात, खोक्यांमधून. प्रकाशनाला बरीच मंडळी होती. विनिता मागच्या रांगेत होती. तिनं एक प्रत घेतली आणि मधली पानं उघडली.

बाई उजव्या कडेला, सुंदर आल्या होत्या. तबलजीही आले होते. मधे दोन्ही पानं आत वळून पाठीच्या गोंदात शिरली होती, आणि त्या वळणात जयंतीताई गेल्या होत्या. डाव्या पानावर भोपळा आणि कोपर. उजव्या पानावर कान.

तिनं अंगठ्यांनी पानं दाबून धरली. थोडा गाल दिसला, सोडलं की परत आत. तिनं दुसरी प्रत उघडली, तिसरी उघडली. सगळ्यांत तेच असणार होतं. तिनं स्वतःच त्यांना मधोमध ठेवलं होतं. कडेला ठेवलं असतं तर त्या वाचल्या असत्या.

“काय मस्त आलंय!” सिद्धेश तिच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला. तिनं पान दाखवलं. त्यानं पाहिलं. “अरे हो. कुणाच्या लक्षात पण नाही येणार गं. बाई बघ कसल्या भारी आल्यात.” मग त्याला कुणीतरी फोटोसाठी बोलावलं. विनितालाही बोलावलं, “ए, डिझाइन, तू पण ये!” ती गेली आणि एका कडेला उभी राहिली.

पुढचे काही दिवस ती चार बंगल्याकडे फिरकली नाही. जयंतीताईंचा फोन आला. “आलं का गं मासिक?” “अजून बांधणी चाललीय, ताई,” ती म्हणाली आणि फोन ठेवल्यावर तिचा तिलाच राग आला. दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा जयंतीताईंनी मासिकाचं विचारलंच नाही. “बरी आहेस ना? आली नाहीस म्हणून,” एवढंच म्हणाल्या. तेव्हा ती उठली, दोन प्रती पिशवीत घातल्या आणि निघाली.

जयंतीताईंनी हात धुतले, पदराला पुसले, चष्मा लावला. मासिक पाटावर ठेवून पहिल्यापासून एकेक पान उलटत गेल्या. जाहिरातीसुद्धा पाहिल्या. मधलं पान आलं.

जयंतीताईंनी तळहातानं ते सपाट केलं. हात उचलला. पान परत उठलं. पुन्हा सपाट केलं.

“बाई छान आल्यात,” त्या म्हणाल्या.

तेवढ्यात शेजारचे नाना दारातूनच बोलत आत आले. “काय जयंतीबाई, हिरॉइन झालात म्हणे! सगळ्या मजल्याला सांगितलंत आणि आम्हाला दाखवायचं नाही होय?” त्यांनी मासिक उचललं आणि डोळ्यांपासून लांब धरलं. “ही तुमची बाई. हा तबलेवाला. यात तुम्ही कुठे?”

“आहे की. आतल्या बाजूला.”

“आत कुठे?” नानांनी दोन्ही हातांनी पानं ताणली. कर्र असा आवाज झाला. “हां, हे बघा! कपाळ! कपाळ तुमचंच आहे.”

“पुरे हो नाना. पाठ मोडेल त्याची.”

नाना जरा वरमले. आपलंच काही चुकलं असं त्यांना वाटलं असावं. डोळ्यांचा नंबर वाढलाय वगैरे सांगत ते निघून गेले.

“ताई, माझं चुकलं,” विनिता म्हणाली. “पिना असत्या तर आला असता अख्खा. बांधणी बदलली, मेसेज आला होता, माझ्या डोक्यातच नाही आलं. मी फक्त तेवढी पानं वेगळी छापून आणते, मोठी, फ्रेम करून.”

“फोटो तर आहेच की माझ्याकडे.”

विनितानं मान खाली घातली. पिशवीतून तो जुना फोटो काढून तिनं पाटावर ठेवला. जयंतीताईंनी तो पाकिटात घातला आणि पाकीट कपाटात ठेवून आल्या. मग फोटोओळीवर बोट ठेवून वाचलं, अक्षर जुळवत वाचावं तसं. “जयंती ओगले. ओगले बरोबर आलंय. लोक ओघळे करतात.” त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. बोट मात्र त्या ओळीवरून हलत नव्हतं.

“दुसरी प्रत?” विनितानं विचारलं.

“ती तू परत ने.” त्यांनी चष्मा काढला. “भावाला मी दोन पानभर आलेय म्हणून सांगून बसलेय. शोधत बसेल तो.”

बाहेर मेट्रो गेली. मग जयंतीताई उठल्या आणि उद्याची मेथी निवडायला घेतली. विनितानंही एक जुडी ओढली. पाट मोकळा करायला जयंतीताईंनी मासिक उचलून खिडकीत ठेवलं. जुडी संपली, देठांचा ढीग झाला, आणि आता आणखी बसायला काही कारण उरलं नाही.

पुढे विनिताची परीक्षा आली. फोन करायचा राहत गेला. केला असता तर काय बोलायचं, हेही तिला सुचत नव्हतं. दिवाळीच्या तोंडावर ती एकदा पापलेट घेऊन गेली, तर दाराला कुलूप होतं. नाना म्हणाले, भाऊ येऊन घेऊन गेला नागपूरला, पडल्या होत्या ना बाथरूममध्ये, आता एकटं राहणं जमायचं नाही. नंबर चालू आहे की नाही माहीत नाही म्हणाले. पापलेट तिनं नानांना दिलं. त्या संध्याकाळी ती किनाऱ्यावरून चालत घरी गेली आणि न जेवता माळ्यावर चढली. पुढच्या अंकाच्या फायली येऊन पडल्या होत्या.

शेवटचं भेटल्या त्या दिवशी, मेथी निवडून झाल्यावर ती निघाली, तेव्हा जयंतीताई देठं गोळा करत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. विनिता चप्पल घालून उंबऱ्याबाहेर गेली होती, तेव्हा आतून आवाज आला, “दार ओढून घे गं जाताना. खालचं कुत्रं वर येतं.”